पोलिसांनी केव्हा यावे?

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



एखादी भयंकर घटना घडली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एक प्रश्न हमखास विचारलेला असतो : 'पोलीस आधी काय करत होते?' आरोपी सराईत होता, मुलीने तक्रार दिली होती, वस्तीतील तणाव आठ दिवस धुमसत होता. मग वेळीच काही का केले नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच शहरात, उत्सवाच्या तोंडावर मंडळाच्या अध्यक्षाच्या हाती पोलीस ठाण्याची नोटीस पडते, चार कार्यकर्त्यांकडून चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र मागितले जाते, तेव्हा आपण विचारतो, 'आम्ही काय केले आहे? हे कोणत्या अधिकारात?' हाही प्रश्न रास्तच आहे. हे दोन्ही प्रश्न एकाच तोंडून निघतात, आणि ते तोंड बहुतेक वेळा आपलेच असते. आजच्या विषयाची सगळी अडचण येथे आहे.

गुन्हा घडल्यावर पोलिसांनी काय करावे, याबद्दल फारसा मतभेद नाही. पंचनामा करावा, आरोपीला पकडावे, दोषारोपपत्र दाखल करावे, बाकीचे न्यायालय पाहील. गुन्हा अजून घडलेलाच नाही, अशा वेळी मात्र पोलिसाच्या हाती पुरावा नसतो. असतो तो केवळ अंदाज. अंदाजावर माणसाच्या स्वातंत्र्याला हात घालावा का, आणि घालायचा तर किती?

प्रश्न नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथे अधिकरण 'कण्टकशोधन' या नावाचे आहे. समाजाच्या पायात काटा रुतण्याआधी तो वेचून काढणे, हा त्याचा विषय. त्यात केवळ संशयावरून कोणाला ताब्यात घ्यावे, याची लांबलचक यादी दिली आहे. मिळकतीपेक्षा खर्च ज्याचा मोठा, जो आपले नाव, गोत्र, गाव वा धंदा खोटा सांगतो, ज्याच्या उपजीविकेचा पत्ता लागत नाही, अशांवर नजर ठेवावी, असे आचार्य सांगतात. म्हणजे राज्याने हातावर हात ठेवून गुन्ह्याची वाट पाहत बसावे, असे आपल्या दंडनीतीला कधीच मान्य नव्हते. परंतु त्याच अधिकरणात पुढे दोन नियम येतात आणि त्यांच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. चोरीला तीन रात्री उलटून गेल्यावर केवळ संशयावरून कोणालाही धरू नये. चोरीची हत्यारे सापडली तर गोष्ट वेगळी. आणि जो चोर नाही त्याला जो चोर ठरवील, त्याला चोराइतकाच दंड. संशयाला मुदत आणि खोट्या संशयाला शिक्षा! कौटिल्य मवाळ होता, असे कोणी समजू नये. आरोपीला द्यावयाच्या यातनांचे प्रकारही याच प्रकरणात नोंदवलेले आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याचे आज कारण नाही. परंतु इतक्या कठोर शास्त्रकारालाही संशयाला कुंपण घालावेसे वाटले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आता आजच्या रस्त्यावर येऊ. मुंबईत २००७ पासून मद्यपी वाहनचालकांविरुद्ध नाकाबंदीची मोहीम जोमाने सुरू झाली. ३१ डिसेंबरच्या रात्री नाक्यानाक्यावर पोलीस उभे असतात, चालकाला नळीत फुंकायला लावतात. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली कारवाई होते. त्या चालकाने अजून कोणालाही उडवलेले नाही. कदाचित तो सुखरूप घरी पोहोचलाही असता. तरी आपण या कारवाईला विरोध करत नाही. का? कारण तेथे वर्तन मोजले जाते, माणूस मोजला जात नाही. तुमची जात कोणती, आडनाव काय, वस्ती कोणती, पूर्वीचा लौकिक काय, हे त्या यंत्राला कळत नाही. नियम सर्वांना सारखा आहे, मोजमाप कागदावर येते, ते न्यायालयात तपासता येते, आणि हस्तक्षेप गाडी थांबवून किल्ली काढून घेण्यापुरता असतो. एवढ्या अटी पाळल्या गेल्या की पोलिसाने आधी येण्याला सुबुद्ध नागरिकाची हरकत नसते, हे या उदाहरणावरून दिसते.

अडचण पुढे आहे. सर्वच धोकादायक वर्तन नळीत फुंकून मोजता येत नाही. त्यासाठी कायद्याने पोलिसांच्या हाती एक शिडी दिली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे आपल्या परिचयाची आहेत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. क्रमांक बदलले, गाभा बहुतांशी तोच राहिला. सर्वांत खालची पायरी जुन्या १४९ ची, आता १६८ ची : दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसाने मध्ये पडायचे. आपल्याकडील 'एकशे एकोणपन्नासची नोटीस' ती हीच. वरची पायरी १०७ ची, आता १२६ ची : शांतताभंगाची शक्यता दिसली तर दंडाधिकाऱ्यांसमोर एक वर्षापर्यंतचे बंधपत्र. पोलीस ठाण्याच्या भाषेत 'चॅप्टर केस'. सराईत गुन्हेगारासाठी ११०, आता १२९. तेथे बंधपत्राची मुदत तीन वर्षांपर्यंत जाते. दखलपात्र गुन्ह्याचा बेत पक्का असेल आणि अन्य मार्गाने तो रोखता येत नसेल, तर १५१, आता १७०, खाली चोवीस तासांची अटक. महाराष्ट्रात याहून वरच्या पायऱ्याही आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली दोन वर्षांपर्यंत तडीपारी, आणि १९८१ च्या कायद्याखाली, ज्याला आपण 'एमपीडीए' म्हणतो, एक वर्षापर्यंत स्थानबद्धता. खटला नाही, शिक्षा नाही, तरी वर्षभर तुरुंग.

तेव्हा पोलिसांनी आधी यावे की नाही, हा वाद कायद्यापुरता केव्हाच मिटलेला आहे. १९७० साली मधु लिमये यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १०७ आणि १४४ ही कलमे घटनेशी सुसंगत ठरवली. मात्र प्रत्येक पायरीवरची कार्यपद्धती काटेकोरपणे पाळलीच पाहिजे, असे बजावून. माझा आक्षेप वेगळा आहे. या शिडीच्या खालच्या पायऱ्या जेथे वापरायला हव्यात तेथे वापरल्या जात नाहीत आणि वरच्या पायऱ्यांवर मात्र झेप घेतली जाते. पोलीस उशिरा येतात आणि आले की जड पावलांनी येतात.

उशिरा येणे कसे असते, ते पाहा. एखादी तरुणी पोलीस ठाण्यात येते. सांगते की अमुक मनुष्य पाठलाग करतो, मारहाण करतो, ठार मारीन म्हणतो. ठाणे अंमलदार ऐकून घेतो आणि 'एन. सी.' नोंदवतो. पूर्वी त्या पावतीवर ३२३, ५०४, ५०६ असे आकडे असत. आता ११५(२), ३५२, ३५१(२) असतात. एन. सी. म्हणजे अदखलपात्र गुन्हा. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. तिच्या हाती पावती येते आणि पोलिसांच्या दृष्टीने विषय संपतो. तिच्या दृष्टीने तो त्या क्षणी अधिक धोकादायक झालेला असतो, कारण ती पोलिसांत गेली होती हे आता त्यालाही ठाऊक झाले आहे.

'अदखलपात्र आहे, आम्ही काय करणार?' हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने अपुरे आहे. तपास करता येत नसेल. प्रतिबंध करता येतो. १२६ चा प्रस्ताव त्याच दिवशी पाठवता येतो. त्या मनुष्याला बोलावून समज देता येते, त्याची नोंद ठेवता येते. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे. पहिल्या दोषसिद्धीपर्यंत तो जामीनपात्र आहे, हे खरे, परंतु म्हणून तो नोंदवायचाच नाही, असे कोठे लिहिले आहे? घरातील हिंसेसाठी २००५ चा कायदा आहे. त्यात पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत ठेवावी, अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे स्पष्ट लिहिलेले आहे. संरक्षण आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास आहे. हत्यारे सगळी आहेत. ती उचलली जात नाहीत, याची कारणे अगदी व्यावहारिक आहेत. ठाण्यात मनुष्यबळ अपुरे असते. नोंदलेला गुन्हा आकडेवारीत येतो, टळलेला गुन्हा कोणत्याच तक्त्यात येत नाही. जो खून झालाच नाही त्याचे श्रेय कोणाला द्यायचे? आणि चॅप्टर केसेसचा म्हणाल, तर त्यांचा आकडा निवडणुकीच्या आणि सणांच्या तोंडावर फुगतो, कारण वरून विचारणा होते : किती प्रतिबंधात्मक कारवाया केल्या? मग जुन्या यादीतील तीच ती नावे पुन्हा बोलावली जातात. त्यातील एखादा आता किराणा दुकान चालवत असतो, एखादा गाव सोडून गेलेला असतो. कागद पूर्ण होतो. जिला खरोखर धोका आहे, तिचा अर्ज त्या गठ्ठ्यात कोठेतरी असतो.

एका कायद्याचा येथे आवर्जून उल्लेख करतो, कारण त्याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १००. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेली व्यक्ती आपल्या हद्दीत आढळली, तर तिला संरक्षणात घेणे हे ठाणे प्रमुखाचे कर्तव्य आहे. चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत ठेवायचे नाही. आधी येणे म्हणजे गजाआड टाकणेच असते, असे नाही. पोलिसाचा हात वेळेवर, रक्षणासाठी पुढे येऊ शकतो, हे संसदेने तेथे लिहून ठेवले आहे. किती ठाण्यांत हे कलम वाचले गेले असेल, हा वेगळा प्रश्न.

आता जड पावलांकडे वळू. माणसाच्या वर्तनाऐवजी माणूसच धोकादायक ठरवला म्हणजे काय होते, याचा धडा या देशाने फार महागात घेतला आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करण्याचा मार्ग मोकळा झाला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जातींत जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. पोलीस पाटलाकडे हजेरी, गावाबाहेर जायचे तर परवाना, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारांच्या आतली वसाहत. सोलापुरात त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. कायदा करणाऱ्यांचा युक्तिवाद काय होता? हाच : गुन्हा होण्याआधीच तो थांबवला पाहिजे! शब्द निर्दोष होते. परंतु त्या शब्दांच्या आधारे शतकाच्या तीन-चतुर्थांश काळापर्यंत लक्षावधी निरपराध माणसे आणि त्यांची मुले तुरुंगाविना कैदी बनली.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. कागदावर. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा, आणि ठाण्यातील नोंदवहीत माणसे तीच राहिली. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला १९९३ पासून भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी आपल्या कार्यकर्त्यांनी जो प्रकल्प उभा केला, तेथे ज्यांनी चार दिवस काढले आहेत त्यांना हे सांगायला नको. परिसरात कोठे चोरी झाली की पालावर आधी पोलिसांची गाडी येते, हा पारधी समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. बाप उचलला गेला की घर उघडे पडते आणि मुलाची शाळा सुटते. यात गुन्हा किती रोखला गेला, ठाऊक नाही. नवा गुन्हेगार मात्र घडवला जातो. हिंदू समाजाच्या एकतेची भाषा आपण करतो, तेव्हा 'संशयित' म्हणून ज्यांची यादी ठाण्याच्या भिंतीवर लागते, ते आपलेच बांधव आहेत, याचे स्मरण ठेवावे लागेल.

दुसरा धडा आणखी जवळचा आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता हा आपल्या घटनेतील एक विलक्षण भाग आहे. मूलभूत अधिकारांच्या प्रकरणातच, अनुच्छेद २२ मध्ये, खटल्याविना कैदेची तरतूद आहे. प्रजासत्ताक जन्माला येऊन महिनाही झाला नव्हता तोच फेब्रुवारी १९५० मध्ये सरदार पटेलांनी प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे विधेयक मांडले, आणि ते मांडण्यापूर्वी आपल्या रात्री झोपेविना गेल्या, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. ज्या लोहपुरुषाने संस्थाने विलीन केली त्याला या एका अधिकाराने अस्वस्थ केले होते. तेलंगणचा सशस्त्र उठाव समोर होता, तरी अस्वस्थ केले होते. पुढच्यांना ती अस्वस्थता उरली नाही. १९६९ अखेर तो कायदा संपला, १९७१ मध्ये 'मिसा' आला. सांगितले गेले ते देशाच्या सुरक्षेचे कारण. चार वर्षांनी, २५ जून १९७५ च्या रात्रीपासून, तोच कायदा विरोधकांवर उलटला.

त्या दिवसांविषयी या श्रोतृवर्गाला मी काय सांगावे? आपल्यापैकी कित्येकांच्या घरातून कोणी ना कोणी येरवड्याला, नाशिक रोडला किंवा ठाण्याला गेले होते. ४ जुलैला संघावर बंदी आली. संघाचे, समाजवादी, सर्वोदयी, सगळे एकाच बराकीत. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसाखाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ लोक पकडले गेले. अध्यादेशाने कायदा असा बदलला गेला की स्थानबद्धतेचे कारणही सांगण्याची गरज उरली नाही. नऊ उच्च न्यायालयांनी कैद्यांच्या बाजूने कौल दिला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो फिरवला. तो एक मतभेद न्या. हंसराज खन्ना यांचा. त्याची किंमत म्हणून त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले. तो बहुमताचा निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हणायला २०१७ साल उजाडावे लागले.

मिसाखाली पकडलेल्या त्या शिक्षकाने, वकिलाने, दुकानदाराने कोणते धोकादायक वर्तन केले होते? काही नाही. ते 'करतील' असे सरकारला वाटले होते. म्हणून, जेव्हा आज आपल्यापैकी कोणी उत्साहाच्या भरात म्हणतो की 'अशांना उचलून वर्षभर आत टाका, पुरावा कसला मागता', तेव्हा मी त्याला विचारतो, ही सत्ता उद्या कोणाच्या हाती असेल, याची खात्री तू देतोस का?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. दहशतवाद्याचे काय? बॉम्ब फुटेपर्यंत थांबायचे? अर्थातच नाही. १९९३ आणि २००८ पाहिलेल्या मुंबईला कोणी असे सांगू शकणार नाही. परंतु कट रचणे, स्फोटके बाळगणे, त्यासाठी पैसा पुरवणे हे स्वतःच गुन्हे आहेत. तेथे पोलीस गुन्ह्यानंतरच येतात, फक्त स्फोटाआधी येतात. त्यासाठी लागते ती बातमी, आणि बातमी समाजाच्या विश्वासातून येते. स्थानबद्धतेचा अधिकार अगदी अपवादात्मक प्रसंगी लागेल, हे मी नाकारत नाही. तो प्रसंग कोणता, याची फूटपट्टीही न्यायालयाने दिलेली आहे. राममनोहर लोहिया यांच्या प्रकरणात १९६५ मध्ये न्या. हिदायतुल्ला यांनी तीन वर्तुळांची कल्पना मांडली : सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन माणसांच्या मारामारीने पहिले वर्तुळ ढवळले जाते. म्हणून दुसऱ्याला धक्का बसतोच असे नाही. रेखा विरुद्ध तामिळनाडू या २०११ च्या निकालाने त्यात भर घातली की नेहमीच्या कायद्याने भागत असेल तर स्थानबद्धता बेकायदा. तरीही गल्लीतल्या दादाला साध्या खटल्यात शिक्षा मिळवून देणे कष्टाचे असते आणि स्थानबद्धतेचा आदेश काढणे तुलनेने सोपे असते. मग सोपी वाट निवडली जाते, आणि त्यातील कित्येक आदेश पुढे उच्च न्यायालयात टिकत नाहीत. तोवर दादाची मात्र वस्तीत प्रतिष्ठा वाढलेली असते.

तडीपारीचेही तसेच. साक्षीदार भीतीने उघडपणे पुढे येत नाहीत, हा या कलमाचा आधार. आणि तो खोटा नाही. हातगाडीवाल्याने गुंडाविरुद्ध उघड साक्ष द्यावी, ही अपेक्षा खुर्चीत बसून करणे सोपे आहे. म्हणून गोपनीय, 'इन-कॅमेरा' जबाब घेतले जातात. परंतु नाव नसलेल्या दोन साक्षीदारांचे एकसारख्या शब्दांतले जबाब फायलीत आढळू लागले की शंका येतेच. २०२२ च्या जानेवारीत जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी रद्द केली. हा असाधारण उपाय आहे, यात माणसाला घरच्यांसोबत राहता येत नाही, पोटापाण्याचा धंदाही जाऊ शकतो, म्हणून आदेशामागे खरी सामग्री हवी आणि पूर्ण दोन वर्षे लावायची तर त्याची कारणे नमूद हवीत, असे न्यायालयाने म्हटले. राजकीय विरोधकाला तडीपारीची नोटीस पाठवण्याची चाल महाराष्ट्रात कोणत्या पक्षाने वापरलेली नाही, हे शोधावे लागेल.

मग आधी येण्याची योग्य रीत कोणती? महाराष्ट्रातच तिचा एक प्रयोग झालेला आहे. भिवंडी. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तेथे दंगल पेटली, न्या. मादन आयोगाने तिची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा भीषण दंगल. यंत्रमागांचे, दाट वस्तीचे, मिश्र लोकसंख्येचे गाव. दंगल ही जणू तेथली ठरलेली गोष्ट मानली जाऊ लागली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. मोहल्ल्यामोहल्ल्यात दोन्ही समाजांचे सामान्य रहिवासी आणि त्या भागाची जबाबदारी दिलेला पोलीस कर्मचारी एकत्र बसू लागले. विषय काय? पाण्याचा नळ, गटार, नवरा-बायकोचे भांडण, भोंग्याचा आवाज, मिरवणुकीचा रस्ता. ज्या लहान भांडणांतून पुढे मोठी आग लागते ती लहान असतानाच कानावर येऊ लागली. शिपायाला माणसे नावाने ओळखू लागली आणि माणसांना शिपाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत सुमारे नऊशे माणसे मारली गेली. भिवंडी शांत राहिली.

या प्रयोगात तडीपारी, स्थानबद्धता यांसारखे वरच्या पायरीचे कोणतेही हत्यार मध्यवर्ती नव्हते. आपल्यापैकी काहींना 'मोहल्ला समिती' या शब्दातच तुष्टीकरणाचा वास येतो, हे मला ठाऊक आहे. त्यांनी परिणाम पाहावा. दंगलीत दुकान जळते ते हिंदूचेही आणि मुसलमानाचेही, आणि ज्या गावात ते जळले नाही त्या गावाकडून शिकण्यात कमीपणा कसला? मात्र हेही सांगितले पाहिजे की जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या वादातून जमाव उसळला आणि दोन पोलिसांची हत्या झाली. एका अधिकाऱ्याच्या कल्पकतेने उभे राहिलेले काम त्याच्या बदलीनंतर किती टिकते, हा प्रश्न आपल्याकडे नेहमीचाच. समित्या कागदावर पुष्कळ ठिकाणी आहेत. पण बैठक सणाच्या आदल्या आठवड्यात, चहा-बिस्किटांसह, छायाचित्रापुरती. त्यांत आपण जातो का? तेथे केवळ पुढारीच बसलेले असतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी दर महिन्याला जाऊन बसायला काय हरकत आहे? मला तरी पोलिसांइतकाच आपलाही आळस तेथे दिसतो.

शेवटी, पोलिसाचा अंदाज तपासणार कोण, याविषयी. १२६ च्या कारवाईत माहिती पोलीस देतात आणि निर्णय कार्यकारी दंडाधिकारी घेतात. ग्रामीण भागात ते तहसीलदार किंवा प्रांत असतात. मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयांच्या हद्दीत मात्र सहायक पोलीस आयुक्तच विशेष कार्यकारी दंडाधिकारी असतात. म्हणजे प्रस्ताव पाठवणारा पोलीस आणि त्यावर निवाडा करणाराही पोलीस. अधिकारी सज्जन असेल. परंतु आपल्याच खात्याच्या अंदाजाकडे त्याने त्रयस्थपणे पाहावे, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाविरुद्ध आहे. हे काम न्यायिक दंडाधिकाऱ्यांकडे का देऊ नये? कामाचा बोजा वाढेल, हे उत्तर येते. वाढू दे.

आणि स्थानबद्धतेविषयी तर संसदेने उत्तर देऊनही ठेवले आहे. आणीबाणी भोगलेल्या जनता पक्षाच्या राजवटीत १९७८ ची चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. तिच्या तिसऱ्या कलमाने अनुच्छेद २२ बदलायचे ठरले. सल्लागार मंडळाच्या मताविना कोणालाही तीनऐवजी दोनच महिने स्थानबद्ध ठेवता येईल. ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमले जाईल, आणि त्याचे अध्यक्ष पदावर असलेले न्यायमूर्ती असतील. सध्याच्या घटनेप्रमाणे न्यायाधीश होण्यास केवळ 'पात्र' असलेली व्यक्तीही त्या मंडळावर चालते. दुरुस्ती संमत झाली, राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. मात्र ती कलमे केंद्र सरकार अधिसूचना काढील त्या दिवसापासून लागू व्हायची होती. बाकीची कलमे लागू झाली, हे राहिले. १९८१ च्या डिसेंबरात ए. के. रॉय यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसा आदेश देण्यास नकार दिला. त्यानंतर दिल्लीत सर्व रंगांची सरकारे आली. अटलजी आणि अडवाणीजी हे दोघेही मिसाचे बंदी. एक पंतप्रधान झाले, दुसरे गृहमंत्री. नवे विधेयक नको, नवी चर्चा नको, राजपत्रातील एका ओळीची अधिसूचना पुरेशी आहे. ती अद्याप निघालेली नाही.